रोजकिर्दीतल्या हातउसन्यांचा माग: तालुक्याच्या गावातील एका सनदी लेखापालाच्या कार्यालयाविषयी

हे परीक्षण ज्या कार्यालयाचे आहे त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण सनदी लेखापालांना स्वतःची जाहिरात करण्यावर त्यांच्या व्यवसायाच्या नियमांची बंधने आहेत आणि नाव छापू नये अशी विनंती त्या गृहस्थांनीच केली. दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातील ज्या व्यापाऱ्यांना गरज पडेल त्यांना विचारपूस केल्यावर पत्ता सापडेल. मला लिहायचे आहे ते त्यांनी काम कसे केले याविषयी. आयकराची नोटीस आली म्हणजे कोणाकडे जावे, तेथे काय मागावे आणि कशाची अपेक्षा ठेवू नये, हे आमच्यासारख्या खेड्यातील भुसार व्यापाऱ्याला सांगणारे कोणी भेटत नाही.

प्रथम प्रकरण थोडक्यात सांगतो. माझा सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या खरेदीचा परवाना आहे आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षात माझी उलाढाल सुमारे १ कोटी ४० लाखांची होती. ते वर्ष व्यापाऱ्यांच्या लक्षात राहील असे होते. सोयाबीनचा हमीभाव ३,९५० रुपये असताना ऑगस्टमध्ये बाजारातला भाव दहा हजारांच्या आसपास पोचला, आणि नवा माल येताच ऑक्टोबरात तो जवळजवळ निम्म्यावर उतरला. उतरलेला भावसुद्धा आधीच्या वर्षांपेक्षा चढाच होता, त्यामुळे तेवढेच पोते उचलायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भांडवल लागू लागले. पतसंस्थेची मर्यादा संपली, तेव्हा मी नात्यातल्या आणि व्यवहारातल्या माणसांकडून हातउसने पैसे घेतले. आमच्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

जून २०२३ मध्ये त्या वर्षाच्या विवरणपत्राची छाननी लागली. नोटीस आली खरी, पण ती मला आली नाही. विवरणपत्रावर माझ्या तेव्हाच्या सल्लागाराचा ईमेल होता आणि त्यांनी ती दोन महिन्यांनी उघडली. त्यांनी उत्तरादाखल वहीतल्या पाच खात्यांचे उतारे आणि पैसे दिल्याचे मान्य करणारी, एकाच नमुन्यात टंकलेली, दोन ठिकाणी पॅन क्रमांकसुद्धा नसलेली संमतिपत्रे चढवली. मार्च २०२४ मध्ये आदेश आला. पतसंस्थेचे अडीच लाख मान्य झाले होते, परंतु बाकीच्या चार खात्यांवरचे ७ लाख ४० हजार रुपये १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६८ खाली खुलासा नसलेली जमा म्हणून धरले गेले. शिवाय दहा हजारांवरच्या रोख खरेदीपैकी ४ लाख ६५ हजार रुपये कलम ४०अ(३) खाली खर्च म्हणून नामंजूर झाले. कलम ६८ च्या रकमेवर साधा दर लागत नाही, हे मला तेव्हा कळले. त्या वर्षासाठी साठ टक्के कर, त्यावर पंचवीस टक्के अधिभार आणि मग चार टक्के उपकर होता, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याहत्तर रुपये जात. व्याज धरून मागणी ८ लाख ३८ हजारांच्या आसपास गेली. माझे त्या वर्षाचे दाखवलेले उत्पन्न ५ लाख ६० हजार होते.

या अवस्थेत मी या कार्यालयात गेलो. अपिलाची मुदत तीस दिवसांची असते आणि त्यातले अकरा दिवस मी नातेवाइकांशी चर्चा करण्यात घालवले होते.

पहिल्या भेटीत मी त्यांना कलमे सांगू लागलो, कारण तोवर मोबाइलवर बरेच वाचून झाले होते. त्यांनी पाच मिनिटे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊ, कायदा मले मालूम हाये. पैसा कोनाच्या घरून निंगाला, कोनत्या रस्त्यानं आला अन् तुमच्या दुकानात येऊन कुठं गेला, तेवढं सांगा." मला ते सांगता आले नाही. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मुनीमजी लिहितात, बँकेत मुलगा जातो आणि सौदा मी करतो, अशी आमची वाटणी आहे. तिन्ही गोष्टी एकत्र करून पाहण्याची वेळ मागच्या वीस वर्षांत आली नव्हती. त्या दिवशी त्यांनी फी सांगितली नाही, अधिकारपत्रावर सहीही घेतली नाही. किर्द, खतावणी (खातेवार वही), तिन्ही पासबुके, चेकबुकांत उरलेली अर्धी पाने आणि खरेदीच्या मालाच्या वजनाच्या काटापट्ट्या घेऊन दुसऱ्या दिवशी मुनीमजींसह या, एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून जे काम सुरू झाले ते मी सविस्तर सांगतो, कारण या सेवेचे खरे मोल तेथे आहे. त्यांनी प्रत्येक रकमेसाठी एक आडवा कागद घेतला. त्यावर डाव्या टोकाला पैसा देणाऱ्याकडे कोठून आला, मग तो त्याच्या खात्यातून कोणत्या तारखेला आणि कोणत्या यूटीआर (बँकेने ऑनलाइन व्यवहाराला दिलेल्या) किंवा धनादेश क्रमांकाने निघाला, मग माझ्या कोणत्या खात्यात उतरला, त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत तो कोणाला दिला गेला आणि उजव्या टोकाला तो परत केव्हा व कसा फेडला, हे सारे ओळीने लिहिले. एखादा रकाना रिकामा राहिला की तेथे लाल फुली येई. कलम ६८ खाली देणाऱ्याची ओळख, त्याची ऐपत आणि व्यवहाराचा खरेपणा या तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि आधीच्या सल्लागारांनी दिलेल्या संमतिपत्रांनी फार तर पहिली गोष्ट अर्धीमुर्धी सिद्ध होत होती, हे त्या फुल्या पाहून माझ्या ध्यानात आले.

सर्वांत बिकट कागद माझ्या थोरल्या साडूंचा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी मला आरटीजीएसने तीन लाख दिले, परंतु त्याच्या दोनच दिवस आधी त्यांच्या खात्यात २ लाख ८० हजार रुपये रोख भरलेले होते. आदेशात नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले होते. आधी रोख भरणा आणि पाठोपाठ तेवढेच कर्ज, हे पाहून कोणालाही वाटेल की पैसा माझाच असून साडूंच्या खात्यातून फिरवून आणला आहे. मला या संशयाचा राग आला होता. लेखापालांना राग आला नाही. ते म्हणाले की त्या खुर्चीत आपण असतो तर आपल्यालाही तसेच वाटले असते. साडूंची वाशीम जिल्ह्यात चौदा एकर शेती आहे आणि त्यांनी त्या हंगामात कारंजा बाजारात सोयाबीन विकले होते. हिशेबपट्ट्या घरात होत्या, पण त्या धान्याच्या कोठीवर पत्र्याच्या डब्यात, इतर दहा वर्षांच्या कागदांबरोबर. तीन पट्ट्या सापडल्या, एकूण ३ लाख १२ हजारांच्या. सातबारावर त्या हंगामातला सोयाबीनचा पेरा होता, आठ-अ वरून (खातेदाराच्या एकूण जमिनीच्या उताऱ्यावरून) क्षेत्र जुळले आणि बाजार समितीच्या नोंदींशी पट्ट्यांचे क्रमांक ताडून घेतले.

येथे त्यांच्या सावधपणाचे एक उदाहरण देणे आवश्यक वाटते. कर्ज देणाऱ्याने स्वतःकडचा पैसा कोठून आणला, हेही दाखवण्याची अट कलम ६८ मध्ये २०२२ च्या वित्त कायद्याने घातली आणि ती २०२३-२४ या कर निर्धारण वर्षापासून लागू झाली. निर्धारण वर्ष म्हणजे आर्थिक वर्षाच्या पुढचे वर्ष, त्यामुळे माझे २०२१-२२ चे प्रकरण त्याच्या आदल्या, २०२२-२३ या निर्धारण वर्षाचे होते. म्हणजे साडूंचा पैसा कोठून आला हे दाखवण्याची सक्ती आमच्यावर नाही, असा युक्तिवाद करता आला असता आणि मी तो करा असा आग्रहही धरला. त्यांनी तो निवेदनात एका परिच्छेदापुरता ठेवला आणि खाली सगळ्या पट्ट्या जोडल्या. पुरावा हातात असताना तो देण्याची सक्ती नाही असे म्हणत बसलो, तर वाचणारा आपल्याकडे पुरावा नाही असेच समजेल, हे त्यांचे म्हणणे मला तेव्हा पटले नव्हते.

साडूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. छाननीच्या वेळी विभागाने त्यांना कलम १३३(६) खाली परस्पर पत्र पाठवले होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. त्यांच्या पॅनला जोडलेला ईमेल गावातल्या ऑनलाइन केंद्रवाल्याचा होता. मोबाइलवर संदेश आला तो त्यांनी वाचून सोडून दिला. "मले वाटलं, थो फसवनुकीचा मेसेज हाये," असे त्यांचे साधे उत्तर होते. लेखापालांनी त्यांचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक बदलून घेतला आणि विभागाच्या पत्रांवर ऑक्टोबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो संकेतस्थळावर पडताळता येतो, हे आम्हा दोघांनाही दाखवले. हा अर्ध्या तासाचा धडा फीमध्ये नव्हता.

दुसरा कागद एका व्यापारी मित्राच्या दोन लाखांचा होता आणि तो पाहून मुनीमजींची मान खाली गेली. ते कर्ज नव्हतेच. सप्टेंबरमध्ये मी त्याला मालापोटी दोन लाख आगाऊ दिले होते. भाव घसरल्यावर सौदा फिसकटला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने तीच रक्कम परत केली. मुनीमजींनी दिलेले पैसे त्याच्या व्यापारी खात्याला नावे टाकले आणि परत आलेले पैसे 'हातउसने' या नव्या खात्यात जमा केले. परिणामी वर्षअखेरीस ताळेबंदात एकाच माणसाकडून दोन लाख येणे आणि त्यालाच दोन लाख देणे, असे दोन्ही बाजूंनी दिसत होते, आणि लेखापरीक्षण होऊनही ते कोणाच्या नजरेस पडले नव्हते. दोन्ही बँक नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर हा प्रश्न दहा मिनिटांत मिटला. चुलतभावाच्या दीड लाखांचा मागही सरळ निघाला, कारण त्याच्या खात्यात जिनिंग कारखान्याकडून कापसाचे २ लाख १० हजार आधीच आलेले होते आणि मला दिलेला धनादेश त्यातून वटला होता.

रोख खरेदीचे काम मात्र फार चिकट होते. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च नामंजूर होतो, परंतु शेतमाल प्रत्यक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दिलेले पैसे नियम ६डीडी खाली यातून सुटतात. सवलत शेतकऱ्याला दिलेल्या पैशाला आहे, खेड्यात फिरून माल गोळा करणाऱ्या दलालाला दिलेल्या पैशाला नाही. माझ्या वहीत दोघांची नावे सारखीच, नुसत्या आडनावाने लिहिलेली होती. एकाच आडनावाचे आमच्या गावात तीस खातेदार आहेत. काटापट्टी, सातबारा आणि अंगठा किंवा सही असलेली पावती, असा संच प्रत्येक नोंदीसाठी तयार करताना मला अडीच महिने दर रविवारी कोणाच्या तरी ओसरीवर बसावे लागले. ३ लाख ९० हजारांच्या नोंदी शेतकऱ्यांच्या म्हणून सिद्ध झाल्या. उरलेले ७५ हजार दलालांना दिलेले होते आणि ते सोडून द्यावे लागले.

याच कामात त्यांनी किर्दीतली आणखी एक खोट पकडली. नोव्हेंबरमधल्या दोन दिवशी रोख शिल्लक उणे दिसत होती, आणि पेटीत उणे पैसे असू शकत नाहीत हे शेंबडे पोरही सांगेल. शोध घेतल्यावर असे दिसले की मुनीमजी खरेदीची नोंद माल तोलला त्या दिवशी करीत आणि पैसे प्रत्यक्षात बँकेतून काढून दोन-चार दिवसांनी दिले जात. पावत्यांवरच्या तारखांप्रमाणे नोंदी लावल्यावर उणे शिल्लक नाहीशी झाली. जुनी किर्द त्यांनी बदलू दिली नाही. मूळ वही जशीच्या तशी ठेवून शेजारी खुलाशाचा तक्ता जोडला, आणि खाडाखोड केलेली वही तुम्ही आणली असती तर मी हे काम घेतले नसते, असे स्पष्ट बजावले.

आता उणिवांकडे वळतो. पहिली आणि मोठी तक्रार अशी की अपील दाखल केले म्हणजे वसुली थांबते, असा माझा समज त्यांनी वेळेवर दूर केला नाही. अपिलाची सरकारी फी एक हजार रुपये आहे, एवढेच मला ठाऊक होते. वसुलीच्या स्थगितीसाठी तेव्हा सर्वसाधारणपणे मागणीच्या वीस टक्के रक्कम भरावी लागे, हे त्यांनी अपील दाखल झाल्यावर सांगितले, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर, उधारी चुकती करण्याच्या दिवसांत, मला १ लाख ६८ हजार रुपये उभे करावे लागले. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी होती. दुसरे असे की जुलै ते ऑक्टोबर या काळात, विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाच्या मुदती असताना, हे कार्यालय जुन्या प्रकरणांसाठी जवळपास बंदच असते. फोन उचलणारी मुलगी नम्र आहे, पण तिच्या हातात काही नसते. निवेदनाचा मसुदा इंग्रजीत होता आणि तो विभागाला पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी मला मिळाला. त्यांनी तो मराठीत समजावून सांगितला खरा, तरी स्वतःच्या सहीने जाणारा सत्तावीस पानी कागद माणसाला निवांत वाचता आला पाहिजे.

फी पस्तीस हजार झाली, तीन हप्त्यांत. सातबारा आणि हिशेबपट्ट्यांची भाषांतरे व दाखले यांना आणखी चार हजार लागले. भाषांतराचा खर्च मला सुरुवातीला फुकटचा वाटला होता, परंतु आता छाननी आणि अपील दोन्ही चेहराविरहित पद्धतीने चालतात आणि कागद वाचणारा अधिकारी कोणत्या राज्यात बसला आहे हे आपल्याला कळत नाही. त्याला 'काटापट्टी' म्हणजे काय आणि 'पेरा' म्हणजे काय, हे कोणीतरी सांगितलेच पाहिजे. यवतमाळच्या कार्यालयात जाऊन साहेबांसमोर वही उघडून दाखवण्याचे दिवस गेले. तालुक्यातल्या इतर दोघांनी मला वीस हजार सांगितले होते. त्यांपैकी एकाने किर्द पाहायलासुद्धा मागितली नव्हती.

अपिलाचा निकाल यायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. मध्यंतरी नव्या पुराव्यांवर छाननी करणाऱ्या विभागाचा अहवाल मागवला गेला, त्याला पुन्हा उत्तर द्यावे लागले. २०२५ च्या दिवाळीआधी आलेल्या आदेशात साडूंचे तीन लाख, मित्राचे दोन लाख आणि चुलतभावाचे दीड लाख मान्य झाले. रोख खरेदीचे ३ लाख ९० हजार सुटले. विभागाने पुढे नागपूरच्या अपील न्यायाधिकरणात जायचे ठरवले तर काय, असे मी विचारले. एवढ्या रकमेसाठी ते सहसा जात नाहीत, पण कागद जपून ठेवा, असे उत्तर मिळाले. चुलतभावाचे कर्ज मान्य झाले असले तरी त्याच्या फेडीतले चाळीस हजार मी रोख दिले होते, कारण त्याच्या वडिलांना रात्री यवतमाळला दवाखान्यात न्यायचे होते. वीस हजार किंवा त्याहून अधिक कर्जाची फेड रोखीने करण्यास कलम २६९टी मनाई करते आणि दंड फेडीच्या रकमेएवढा असू शकतो. त्याची वेगळी नोटीस आली आहे. दवाखान्याच्या कागदांसह वाजवी कारणाचे उत्तर दिले आहे आणि निर्णय यायचा आहे. तो व्यवहार लपवून ठेवण्याचा सल्ला लेखापालांनी दिला नाही, हे नमूद करतो. आधीच्या सल्लागारांनी तोच दिला होता.

राहिले नव्वद हजार. 'किरकोळ देवाणघेवाण' या नावाच्या खात्यात चार वेळा मिळून जमा झालेली ती रोख रक्कम कोणाची, हे मला, मुनीमजींना किंवा मुलाला शेवटपर्यंत आठवले नाही. बहुधा उधारीची वसुली असावी. एक भाचा पुढे आला. माझ्या नावाने दाखवा, मी सही देतो, असे म्हणाला, आणि मी त्याचे संमतिपत्र टंकून घेऊन कार्यालयात गेलो. लेखापालांनी ते वाचले, भाच्याचे बँक पासबुक मागितले, त्या वर्षभरात त्याची शिल्लक सहा हजारांवर गेली नव्हती हे पाहिले आणि कागदाची घडी घालून तो माझ्या खिशात परत ठेवला. या एका कागदापायी बाकीच्या साडेसहा लाखांवरचाही विश्वास उडेल, एवढेच ते म्हणाले, आणि त्या नव्वद हजारांपुरते आमच्याकडे स्पष्टीकरण नाही असे निवेदनात लिहून टाकले. त्यावरचा ७०,२०० रुपये कर, दलालांच्या ७५ हजारांवरचा कर आणि दोन्हींवरचे व्याज आधी भरलेल्या रकमेतून वळते झाले. साठ हजारांच्या आसपास परतावा येणे बाकी आहे. आदेश वाचून घरी आलो त्या संध्याकाळी मुनीमजींना बसवून 'किरकोळ देवाणघेवाण' हे खाते चालू खतावणीतून काढून टाकले. त्यात त्या दिवशी बाराशे रुपये शिल्लक होते, आणि ते कोणाचे हे शोधायला आम्हाला रात्रीचे दहा वाजले.